मापांची वही

(आपल्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विचारलं होतं, की निवृत्तीनंतर काय करतेस, त्यावर पंधरा-वीस मिनिटं बोलशील का? मी म्हटलं, स्वेटर विणते आणि जमेल तेव्हा फिरते. फोनवर पलीकडे जरा शांतता पसरली. टेलिफोन खात्यात ३९ वर्षं काढल्यामुळे पलीकडच्या शांततेचा अर्थ मला बरोबर कळतो. माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी धरणं बांधली, कुणी शस्त्रक्रिया केल्या, कुणी द्राक्षं परदेशात पाठवली. त्यांच्यानंतर स्वेटरचं काय सांगणार, असं त्यांना वाटलं असणार. पण थंडीचे दिवस आहेत, निफाडचा पारा परवाच पेपरात आला आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी विकतचे का होईना, स्वेटर घातले आहेत. तेव्हा विषय अगदीच अवेळी नाही.

आपण दहावीची पहिली तुकडी. १९७५ साली आपण परीक्षा दिली, तेव्हा आपण म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर आहोत असं सगळे म्हणायचे. नवी पुस्तकं, नवं गणित, नवी परीक्षा. एक गोष्ट मात्र जुनीच राहिली होती. आठवड्यातून दोनदा मुलगे सुतारकामाच्या शेडमध्ये जायचे आणि आम्ही मुली विणकामाला बसायचो. शेडचं दार उघडं असायचं. आमच्यातल्या कुणाचा लोकरीचा गुंडा सुटून घरंगळत व्हरांड्यात गेला, की तो परत यायचा तेव्हा त्यात लाकडाचा भुसा अडकलेला असायचा. तो भुसा कोण घालायचं, हे आज पन्नास वर्षांनी सांगायला हरकत नाही. ते सद्गृहस्थ चौथ्या रांगेत बसले आहेत आणि आत्ता खाली बघताहेत.

विणकामाच्या आपल्या बाई फार बोलायच्या नाहीत. १९६२ च्या युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले, तेव्हा बाईंनीही विणले होते. ते कुणाला गेले, त्याला बसले की नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. त्यामुळे असेल, पण बाईंचा मापावर भारी कटाक्ष होता. आम्हाला कधी एकदा सुया हातात घेऊन टोपडं पूर्ण करते असं व्हायचं. बाई म्हणायच्या, आधी तुकडा.

तुकडा म्हणजे चार इंच लांब, चार इंच रुंद असा नमुना विणायचा. ज्या लोकरीचा स्वेटर करायचा तीच लोकर, त्याच सुया. मग पट्टी लावून टाके मोजायचे. समजा चार इंचांत २२ टाके बसले, तर इंचाला साडेपाच. छाती ३६ इंच असेल तर अंगासरशी सैल म्हणून दोन इंच वाढवायचे, झाले ३८. पाठीचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे १९ इंच. १९ गुणिले साडेपाच, साडेएकशेचार. दोन सुलट दोन उलट असा काठ नीट बसावा म्हणून घालायचे १०४ टाके. हा हिशेब प्रत्येकीचा वेगळा येतो, कारण कुणाचा हात घट्ट असतो, कुणाचा सैल. शेजारणीकडून टाक्यांचा आकडा उसना घेतला तर स्वेटर शेजारणीच्या नवऱ्याला बसतो, असं बाई म्हणायच्या. त्या वयात आम्ही त्यावर पोट धरधरून हसलो होतो.

त्यांनी आम्हाला एक वही करायला लावली होती. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. एका पानावर एका माणसाचं माप. नातं, तारीख, छाती, खांदा ते खांदा, बगलेपासून खालची उंची, बाही, गळा, मनगट. खाली त्या लोकरीचा तुकडा दोऱ्याने शिवायचा. आज मी ती वही इथे आणली आहे. तिचा पुठ्ठा दोनदा बदलला, आत पानं डकवली, पण वही तीच. पहिल्या पानावर १९७४ सालचं माझ्या धाकट्या भावाचं माप आहे. छाती २४. तुकडा हिरव्या रंगाचा. आता तो भाऊ छातीने ४४ आहे आणि ते पान दाखवलं की रागावतो.

तुम्ही म्हणाल, या वहीत एवढं काय आहे? मलाही पुष्कळ वर्षं तो नुसता हिशेबच वाटायचा.

१९८० साली मी टेलिफोन एक्स्चेंजला लागले. तेव्हा ट्रंक कॉल बुक करावे लागायचे, हे आपल्या नातवंडांना सांगून पटत नाही. रात्रपाळीला आम्ही सहा-सात जणी असायचो. कानाला हेडसेट, समोर बोर्ड. एक-दीड वाजल्यानंतर कॉल विरळ व्हायचे आणि झोप अनावर व्हायची. तेव्हा पिशव्यांमधून सुया बाहेर निघायच्या. विणताना कान मोकळे राहतात, डोळेही बरेचसे मोकळे राहतात, आणि बोर्डावर दिवा लागला की सुई तिथल्या तिथे ठेवून कॉल घेता येतो. त्या काळात रात्री दोन वाजता येणारा ट्रंक कॉल बहुतेक करून आनंदाचा नसायचा. कुणाचे वडील गेलेले असायचे, कुणाला ताबडतोब निघून ये म्हणून सांगायचं असायचं. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं, हे आमचं काम. मग परत सुया हातात घ्यायच्या. आम्हा सहा-सात जणींच्या घरांत त्या दहा वर्षांत जेवढे स्वेटर झाले, त्यांतले निम्मे तरी त्या रात्रींमधले आहेत. पुढे एसटीडी सगळीकडे आलं, बोर्ड गेले. सुया राहिल्या.

माझ्या वडिलांची या वहीत तीन पानं आहेत. १९८१ साली, माझ्या पहिल्या वर्षाच्या पगारातून लाल इमलीची लोकर आणली आणि त्यांना पूर्ण बाह्यांचा स्वेटर केला. छाती ३८. दुसरं पान १९९४ चं, ते निवृत्त झाले त्या हिवाळ्यातलं. छाती ३७, खांद्यात अर्धा इंच कमी. तिसरं पान २००३ चं. छाती ३४. मी टेप धरून त्यांच्यासमोर उभी होते आणि आकडा दोनदा बघितला. ते म्हणाले, 'किती आलं?' मी म्हटलं, 'चौतीस.' ते म्हणाले, 'चला, लोकर कमी लागेल.' त्यांचा स्वभाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. हा स्वेटर त्यांनी दोन हिवाळे वापरला.

घरात रोज दिसणारं माणूस कमी कमी होत जातं, हे आपल्या डोळ्यांना कळत नाही. टेपला कळतं. त्या दिवसापासून मी वहीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. एखाद्याला स्वेटर विणायचा तर त्याला समोर उभं करावं लागतं, त्याच्या खांद्यांवरून हात फिरवावा लागतो, दंड धरावा लागतो. मुलं मोठी झाली की आपण त्यांना शेवटचं असं कधी चाचपून बघितलेलं असतं? माझ्या मुलाने चौदाव्या वर्षानंतर डोक्यावरून हात फिरवू दिला नाही. पण माप द्यायला दर दिवाळीनंतर गुमान उभा राहायचा.

आता प्रवासाबद्दल बोलते, कारण विणणाऱ्या बाईला प्रवासात ओळखी काढाव्या लागत नाहीत, त्या आपोआप होतात.

१९९७ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही मुलांना घेऊन हिमाचलला गेलो. नाशिकरोडहून पंजाब मेल. समोरच्या बाकावर भटिंड्याला उतरणाऱ्या एक सरदारीणबाई होत्या. माझं हिंदी सरकारी कामापुरतं, त्यांची पंजाबी घरगुती. पण मी सुया काढल्या, त्यांनी पाहिलं, आणि इटारसी यायच्या आत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या होत्या. वेणीची वीण घालायला मी जादा सुई वापरत होते. त्यांनी आपल्या अंबाड्यातला आकडा काढला, तीन टाके त्यावर घेतले, पुढचे तीन विणले, मग आकड्यावरचे विणले. झाली वेणी. सामान एवढंसं आणि वीण माझ्यापेक्षा सरस. दिल्लीपर्यंत माझी वीतभर वेणी आणि त्यांचा डबाभर पिन्नी, असा व्यवहार झाला. तो आकडा त्यांनी मला देऊन टाकला. मी आजही तोच वापरते.

कुलूच्या रस्त्यांवर बायका चालता चालता विणताना पाहिल्या. पाठीवर गवताचा भारा, हातात सुया, नजर रस्त्यावर. रोहतांगच्या बाजूने मेंढ्यांचे कळप खाली उतरत होते. बरोबर गद्दी मेंढपाळ, अंगात लोकरीचा जाड चोला आणि कमरेला काळ्या लोकरीचा लांबच लांब दोर गुंडाळलेला. त्याला ते डोरा म्हणतात. मला आपले धनगर आठवले. दिवाळी झाली की माणदेश-फलटणकडून कोकणच्या वाटेला लागणारे वाडे. पण आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिची घोंगडी होते, उत्तम होते, पावसातही माणसाला सांभाळते. अंगालगतचा स्वेटर तिचा होत नाही. म्हणून आपल्याकडे विणकर आहेत, मागावर घोंगडी करणारे सणगर आहेत, पण दोन सुयांचं विणकाम आपल्या घरांत पुष्कळ उशिरा आलं, बरंचसं मिशनच्या आणि सरकारी शाळांमधल्या विणकामाच्या तासांतून. म्हणजे आपल्याला त्या बाकांवर बसवून शिकवलं नसतं, तर आमच्यापैकी बहुतेकींना घरी शिकवणारं कुणी नव्हतं.

दुसरा प्रवास २०१८ सालचा. आमची मुलगी आणि जावई स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला असतात. त्यांच्याकडे गेलो असताना मी हट्टच धरला की शेटलंड बेटं बघायची. ॲबर्डीनहून संध्याकाळी बोट सुटते, रात्रभर समुद्रातून जाते आणि सकाळी लेरविकला लावते. आमच्या यांना बोट लागली आणि रात्रभर त्यांनी शेटलंडला आणि लोकरीला मनसोक्त नावं ठेवली. सकाळी उतरलो आणि समोर मेंढ्याच मेंढ्या. तेव्हा म्हणाले, 'चल, आता आलोच आहोत.'

जून महिना होता. एवढ्या उत्तरेला त्या दिवसांत रात्र अशी होतच नाही, संध्याकाळ लांबत जाऊन पहाटेला मिळते. तिथले लोक त्याला 'सिमर डिम' म्हणतात. रात्री अकरा वाजता मी गेस्ट हाउसच्या बाहेर बाकावर बसून दिव्याशिवाय विणत होते, आणि हे शेजारी शाल पांघरून बसले होते.

तिथल्या बायकांचा एक चामडी पट्टा संग्रहालयात पाहिला. कमरेला बांधायचा, त्यात घोड्याचे केस ठासून भरलेले आणि वर भोकं. एका सुईचं टोक भोकात खोचायचं म्हणजे सुई स्थिर राहते, हात मोकळा होतो आणि चालता चालता विणता येतं. पाठीवर जळणाची टोपली आणि हातात विणकाम, असे जुने फोटो तिथे लावलेले आहेत. मला कुलूचा रस्ता आठवला. पण त्या फोटोंखालचा मजकूर वाचला आणि हसू ओसरलं. या बायकांना विणकामाचे पैसे रोख मिळत नसत. व्यापारी मोबदल्यात चहा द्यायचे, कापड द्यायचे. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, अशी स्थिती. सरकारने चौकशी नेमली, १८७२ मध्ये अहवाल आला, त्यात बायकांच्या साक्षी आहेत. मी ज्याला छंद म्हणते, ते त्यांचं पोट होतं, आणि पोटालाही पुरतं मिळत नव्हतं. बाजारात हातविणीचा स्वेटर दिसला की मी आता घासाघीस करत नाही, ती त्या दिवसापासून.

आणखी एक गोष्ट तिथे पाहिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५१ च्या मे महिन्यात गनिस्टर नावाच्या ठिकाणी दोघे जण पीट कापत होते. पीट म्हणजे दलदलीत कुजून तयार झालेली माती, वाळवून जाळतात. कापता कापता त्यांना एका माणसाचे अवशेष सापडले. हाडंसुद्धा फारशी उरली नव्हती, पण अंगावरची लोकर त्या मातीत टिकली होती. विणलेली टोपी, हातमोजे, पायमोजे, विणलेलं छोटं पाकीट. पाकिटातल्या नाण्यांवरून तो सतराव्या शतकाच्या अखेरचा असावा असं ठरलं. मोजे ठिकठिकाणी दुरुस्त केलेले होते. मूळ कपडे एडिंबर्गला आहेत, लेरविकला त्यांच्या हुबेहूब प्रती ठेवल्या आहेत. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. तो माणूस कोण, कुठून निघाला, कुठे चालला होता, कुणाला ठाऊक नाही. नाव नाही, गाव नाही. पण त्याचा तळहात किती रुंद होता, पाऊल किती लांब होतं, हे सव्वातीनशे वर्षांनी मला दिसत होतं, कारण कुणीतरी कधीतरी ते माप मनात धरून विणलं होतं. वाटेत मोजा फाटला तेव्हा कुणीतरी तो परत नीट केला होता.

इतक्या लांब जाऊन मी माझी वहीच बघून आले, म्हणा ना.

आता गेल्या दोन वर्षांबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, २०२४ च्या जानेवारीत आमच्या यांची बायपास झाली. छातीचं मधलं हाड कापून शस्त्रक्रिया करतात, त्यामुळे पुढे काही आठवडे हात वर करायचे नसतात. म्हणजे डोक्यातून घालायचा एकही स्वेटर चालेना. ऐन थंडीत घरी सोडणार, आणि कपाटात यांचे सहा स्वेटर, सगळे डोक्यातून घालायचे. मी हॉस्पिटलच्या बाकावर पुढून उघडा, बटणांचा स्वेटर घातला. दोन्ही बाजूंचे पुढचे भाग, पाठ आणि सैल बाह्या. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला करण्यासारखं काही नसतं. दार उघडलं की सगळे उभे राहतात, दार मिटलं की बसतात. मी एक सुई सुलट, एक सुई उलट करत होते. शेजारी धुळ्याकडच्या एक आजी होत्या, त्यांचा मुलगा आत होता. त्यांनी विचारलं, 'कोनासाठी?' मी आत बोट दाखवलं. मग त्या रोज सकाळी किती झालं ते वीत लावून बघायच्या. नवव्या दिवशी यांना घरी सोडलं, तेव्हा एक बाही व्हायची राहिली होती. आम्ही एकाच बाहीचा स्वेटर घालून, वरून शाल पांघरून त्यांना घरी आणलं. आजींचा मुलगाही दोन दिवस आधी बरा होऊन गेला होता.

त्या स्वेटरसाठी घरी आल्यावर मी यांचं माप परत घेतलं. बाही पुरी करायची होती ना. आधीच्या पानावर छाती ४०, आता ३७. हे म्हणाले, 'किती?' मी आकडा सांगितला. थोड्या वेळाने म्हणाले, 'वहीत तारीख घाल.' घातली. यंदाच्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा माप घेतलं, साडेअडतीस आलं. तेही तारखेसकट लिहिलं आहे. वडिलांच्या पानांवरचे आकडे फक्त खाली गेलेले होते. वर चढलेला आकडा लिहिताना मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

मोठे प्रवास आता डॉक्टरांना विचारून. पण प्रवासाची लांबी कमी झाली म्हणून गंमत कमी होते असं मात्र नाही. आम्ही सकाळच्या एसटीने त्र्यंबकला जातो, दुपारी परत. सापुताऱ्याला दोन दिवस राहून आलो. हे खिडकीशी बसतात, मी विणते. घरीसुद्धा दिवस ठरलेला आहे. सकाळी गोदेच्या काठाने हे सांगतील तेवढं चालायचं, येताना भाजी, मग गच्चीत उन्हाला चहा. चहा झाला की सुया. खाली शेंगा सोलायला बसलेल्या शेजारणी, वर आम्ही. कधी कधी वाटतं, पन्नास वर्षांपूर्वी आपण मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या उन्हात बसायचो, त्यापेक्षा हे काही फार वेगळं नाही. तेव्हा घंटेची धास्ती होती, एवढंच.

आता घंटेची धास्ती मला दुसरीकडून आहे. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे. डॉक्टर म्हणाले, विणकाम बंद करू नका, पण वीस मिनिटं झाली की हात खाली ठेवा. त्यावर घरी येऊन मी हिशेब मांडला, बाईंनी शिकवलेला. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो लोकर लागते आणि टाके होतात पन्नास हजारांच्या घरात. पूर्वी मी तो सहा आठवड्यांत उतरवत असे. आता चार महिने लागतात. म्हणजे वर्षाला तीन. मी आज ६६ वर्षांची. हातांनी पंचाहत्तरीपर्यंत साथ दिली तर सत्तावीस स्वेटर. आणि घरात मागणी नोंदवलेली माणसं आहेत एक्केचाळीस!

तेव्हा नंबर लावायला काहीतरी नियम हवा. वयाने लावावा तर म्हातारे खूश, पोरं नाराज. जवळच्या नात्याने लावावा तर भांडणं. शेवटी मी एकच नियम केला. जो समोर येऊन माप देईल त्याचा स्वेटर. मोबाइलवर आकडे पाठवलेले चालणार नाहीत.

माझा एक भाचा पुण्यात असतो. चांगल्या नोकरीत आहे, फार कामात असतो. सहा वर्षांत नाशिकला आला नव्हता. त्याने छाती, उंची, बाही, सगळं व्यवस्थित टाइप करून पाठवलं. वर कोणता रंग हवा त्याचा फोटो. मी उत्तर पाठवलं, 'रविवारी जेवायला ये, माप घेते.' तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आला. माझी बहीण, म्हणजे त्याची आई, गेल्यापासून तो आमच्या घराची पायरी चढला नव्हता, याचं कारण कामात नव्हतंच. तो समोर उभा राहिला, मी टेप लावला, आणि मागून खांद्यांची ठेवण थेट माझ्या बहिणीची. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. वहीत तिचं पान आहे, १९९१ चं, गुलाबी तुकड्याचं. ते उघडून त्याच्या हातात दिलं. तो तुकड्यावर अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, 'मावशी, हा स्वेटर आठवतोय मला.' संध्याकाळच्या गाडीने जाणार होता, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. हल्ली महिन्याआड येतो. त्याचा स्वेटर कधीच पुरा झाला.

ॲबर्डीनच्या नातीचं काय, असं तुम्ही विचाराल. ती दर महिन्याला वाढते आणि भेट दोन वर्षांनी होते. तिच्यासाठी युक्ती अशी, की बाह्या मनगटाकडून वर न विणता खांद्याकडून खाली विणायच्या. विणकाम जिथे संपवलं तिथूनच सरळ उसवता येतं. म्हणून ती आली की मनगटाचा काठ उसवायचा, वाढली असेल तेवढी बाही पुढे विणायची आणि काठ पुन्हा घालायचा. अंगाची खालची उंचीही तशीच वाढवते. घेरासाठी पहिल्यापासून चार इंच सैल ठेवते. गेल्या खेपेला बाही सव्वादोन इंच वाढवली. जुनी लोकर धुवून फिकी झालेली आणि नवी गडद, त्यामुळे जोड चक्क दिसतो. मुलगी म्हणाली, सारख्या रंगाचं दुसरं काहीतरी कर. नात म्हणाली, 'नको, हे माझं दोन वर्षांचं आहे.'

मित्रमैत्रिणींनो, कुणी मला विचारतं की थंडीत तिबेटी लोकांच्या स्टॉलवर इतके छान स्वेटर मिळतात, मग हा खटाटोप कशाला? मी त्यांना सांगते की मीही तिथून घेते, दोन माझ्याकडे आहेत आणि ऊबदार आहेत. ऊब लोकरीच्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेची असते, ती विकतच्या स्वेटरमध्येही अडकते. माझं म्हणणं इतकंच आहे, की आपल्या माणसांना अधूनमधून समोर उभं करून नीट बघायला आपल्याला काहीतरी निमित्त लागतं. तसं कुणी कुणाला सांगत नाही की उभा राहा, मला तुला बघायचं आहे. माझं निमित्त टेप आणि सुया. तुमचं वेगळं असेल. पण असू द्या. आणि तारीख घालून लिहून ठेवा.

शेवटी एक निरोप देते. मुख्याध्यापिकाबाईंनी जानेवारीपासून शनिवारी सकाळी एक वर्ग आम्हाला वापरायला देऊ केला आहे. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी यावं. यावेळी मुलग्यांनाही प्रवेश आहे, सुतारकामाची शेड आता पाडलेली असल्यामुळे दुसरीकडे जायला त्यांना जागाही नाही. येताना दहा नंबरच्या सुया आणि दोनशे पानी वही आणा. पहिल्या शनिवारी फक्त तुकडा. लोकर मी देईन, भुसा मात्र कुणी आणू नये.